खुजंदचे तीन दिवस

शाळेत जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची असे, आणि त्या चाळीस मिनिटांत मुनव्वरा आणि लुत्फुल्लो रोज खुजंदला जाऊन येत.

राजधानी दुशान्बेच्या जुन्या वस्तीतल्या त्या कलाशाळेत मुनव्वरा चित्रकला शिकवायची आणि लुत्फुल्लो रबाब हे तंतुवाद्य. ती एकोणपन्नासची. विसाव्या वर्षी लग्न झालेलं, बाविसाव्या वर्षी मोडलेलं, मूलबाळ नाही, घरी अंथरुणाला खिळलेली आई. तो छप्पन्नचा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, घरी मुलगा दिलेर आणि सून. दोघांच्या वर्गांची सुट्टी एकाच वेळी पडायची, म्हणून शिक्षकांच्या खोलीत खिडकीपाशी एकाच टेबलावर ते जेवायला बसू लागले. आधी नुसती नानची आणि लोणच्याची देवघेव. मग एकदा बोलता बोलता मुनव्वराने खुजंदचं नाव काढलं.

ती मूळची दुशान्बेजवळच्या हिसारची, पण शिकायची चार वर्षं तिने खुजंदला काढली होती. नंतर लग्न, मग ते मोडणं, मग देशातलं युद्ध, मग आईचं आजारपण. खुजंद उत्तरेला, डोंगरापलीकडे राहिलं ते राहिलंच. लुत्फुल्लो पडला कुलोबकडचा, पक्का दक्षिणेचा. आयुष्यात तो उत्तरेला गेलाच नव्हता.

"खुजंदची माणसं म्हणे चहा टाकताना पानं मोजतात," तो म्हणाला.

"आणि तुम्ही कुलोबवाले आठ जण एका थाळीत जेवता, आणि नववा कुठे राहिला म्हणून दार उघडून बघता."

"मग? बघू नये?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असावी, कारण कोपऱ्यात चहाचं भांडं घासत बसलेल्या बीबीसोरो मावशीने मान वळवून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने एक मोठा चित्राचा कागद आणला. कुणा विद्यार्थ्याने एका बाजूला रंग सांडून वाया घालवलेला. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने मधोमध सिर नदी काढली, तिच्यावर पूल काढले, काठावरचे चिनार काढले, रंगीत नक्षीच्या छताचा गुरुवारचा बाजार काढला, नाट्यगृह काढलं, आणि बाजारामागची ती गल्ली काढली जिथे तिच्या वेळी एक म्हातारा मागावर अत्लासचं रेशमी कापड विणत बसायचा. खाली लिहिलं : तीन दिवस.

त्यानंतर तीन वर्षं त्या कागदावर भर पडत गेली. कधी वाद झाले. पहिल्या दिवशी काही म्हणजे काही बघायचं नाही, असा तिचा नियम होता. नदीकाठी चहा घेऊन बसायचं आणि उन्हं उतरेपर्यंत उठायचं नाही.

"नदीसाठी एवढे डोंगर ओलांडायचे? नदी काय आपल्याकडे नाही?"

"वर्झोब? ती नदी आहे होय? सारखी धावपळ नुसती. सिर कशी सावकाश चालते, बघाल तेव्हा कळेल."

"बरं बाई, बसू. पण दुसऱ्या दिवशी नाटकाला पुढच्या रांगेत. मला मागून ऐकू येत नाही."

"लिहिलं. पुढची रांग."

बीबीसोरो मावशी चहा ठेवताना विचारायची, "काय हो, आज कुठवर पोचलात? की वाटेतल्या बोगद्यातच अडकलात?"

खरं जाणं होणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. आईला सोडून मुनव्वरा रात्रभर कुठे राहू शकत नव्हती. म्हणूनच बोलायला मोकळं वाटायचं.

ऑक्टोबरात आई गेली. लुत्फुल्लोने खांदा दिला, तीन दिवस दारात उभं राहून आल्यागेल्याचं पाहिलं, चहाच्या समोवारात कोळसेही घातले. पुढचे काही महिने मुनव्वरा जेवायला यायची आणि अर्धा डबा तसाच मिटून ठेवायची. दोघंही खुजंदचं नाव काढत नसत.

फेब्रुवारीत एका दुपारी त्यानेच ड्रॉवरमधून तो कागद काढला आणि टेबलावर पसरला.

"मार्चात नवरोजची चार दिवस सुट्टी आहे," तो म्हणाला. "खरंच जाऊ या."

"कसं जाणार?"

"जीपने. सिमेंट कारखान्याजवळून सुटतात."

"ते मी नाही विचारलं, अका."

"कळलं मला काय विचारलंत." त्याने तिच्या पेल्यात चहा ओतला. "तुम्ही तुमच्या मैत्रिणीकडे राहा, मी हॉटेलात राहीन. दोन म्हातारे शिक्षक शहर बघायला गेले, तर कोण काय म्हणणार? आणि म्हणेनात का. वाट सगळी मुनव्वराच दाखवेल."

शाळेत सगळे तिला मुअल्लिमा, म्हणजे बाई, म्हणायचे. तोही. आणि ती त्याला अका, म्हणजे दादा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने तिला नुसत्या नावाने म्हटलं. बोलून झाल्यावर तो उठला आणि उगाच खिडकी उघडून उभा राहिला. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

ते एक नाव घेऊन मुनव्वरा घरी आली. आईच्या पलंगावर बसली आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मग तिने संदूक उघडला. रोबियाने, तिच्या खुजंदच्या मैत्रिणीने, फार वर्षांपूर्वी पाठवलेलं अत्लासचं कापड त्यात घडी घालून ठेवलं होतं. पिवळं, जांभळं, हिरवं. तेव्हा तिला वाटलं होतं, हे आता या वयात कुठे घालू. आता तिने ते आठवड्याभरात शिवून टाकलं. केसांना कलप लावला. रोबियाला फोन करून सांगितलं की येतेय, आणि एकटी नाही.

"कोण गं?" रोबिया ओरडलीच.

"आमच्या शाळेतले एक जण आहेत. रबाब शिकवतात."

"रबाब शिकवतात आणि?"

"आणि काही नाही. तू खोली तयार ठेव."

"माझी नदीकडची खोली आहे. चादरी नव्या घालते. एक घालू की दोन?"

"दोन गं, निर्लज्ज!" मुनव्वरा म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर आरशासमोर जाऊन आपला लाल झालेला चेहरा तिने पाहिला.

महिला दिनाच्या आदल्या दिवशी शाळेतले पुरुष शिक्षक सगळ्या बाईमाणसांना फुलं आणतात. लुत्फुल्लोनेही आणली. मुनव्वराला दिली, बीबीसोरो मावशीला दिली. मग जेवायला बसल्यावर नानचा तुकडा मोडून तो तसाच हातात धरून राहिला.

"मुअल्लिमा, एक सांगायचं होतं."

"सांगा की. जीप ठरली?"

"दिलेरने माझं ठरवलंय."

"काय ठरवलंय?"

"निकाहचं."

अर्धा क्षण, फक्त अर्धा क्षण, तिला वाटलं की तो तिच्याबद्दलच बोलतोय. की पोराने बापाला विचारलं असेल आणि बापाने तिचं नाव सांगितलं असेल. त्या अर्ध्या क्षणात तिचं काळीज इतकं वर आलं की तिने टेबलाची कड धरली.

"वख्शची आहे," तो नानकडे बघत म्हणाला. "सनोबर. विधवा आहे, एकोणचाळीस वर्षांची. दिलेर आणि सून दोघंही एप्रिलात मॉस्कोला चाललीत कामाला. बापाला एकटं टाकून जायचं नाही म्हणतात. घरात बाई हवी म्हणतात."

मुनव्वराने टेबल सोडलं. हात मांडीवर घेतले.

"मुबारक असो, अका."

"अगदी साधं करणार. चार माणसांत. चौदा तारखेला."

"बरं झालं. घरात माणूस हवंच."

त्याने हातातला नानचा तुकडा परत खाली ठेवला. ती उठणार इतक्यात म्हणाला, "तो कागद द्याल का?"

"कुठला?"

"खुजंदचा. नवरोजला तिला घेऊन जावं म्हणतो. तिने आयुष्यात कापसाच्या शेतापलीकडे काही बघितलेलं नाही. आणि मला तर तिथलं काहीच माहीत नाही, सगळं तुमच्याच डोक्यातलं. तुमच्या मैत्रिणीकडे दोन रात्री... विचारून बघाल?"

नाही म्हणायला तिच्याकडे कारण काय होतं? त्याने तिला कसलंच वचन दिलं नव्हतं.

"विचारते," ती म्हणाली. "कागद परवा देते. थोडं नीट करून."

घरी येऊन तिने खरंच तो कागद नीट केला. कुठे काय बदललंय ते रोबियाला फोनवर विचारलं. मागवाला म्हातारा वारला होता, पण त्याची नात आता तिथेच बसते. नाट्यगृहात त्या आठवड्यात कुठलं नाटक आहे. काठावरच्या कुठल्या चहाखान्यातून नदी चांगली दिसते. पुलाशेजारी तिने बारीक अक्षरात लिहिलं : वारा फार असतो, बाईमाणसाने शाल घ्यावी. एकही जागा गाळली नाही. गाळावी असं एकदा मनात आलं होतं, पण मग ते शहर लंगडं झालं असतं.

मग तिने रोबियाला सगळं सांगितलं.

"तू वेडी आहेस का गं?" रोबिया म्हणाली.

"दोन रात्रींचा तर प्रश्न आहे."

"मी त्याला कोंबड्यांच्या खुराड्यात झोपवीन."

"रोबिया, त्या बाईचा काय दोष? नदीकडची खोली दे त्यांना."

"आणि चादर?" रोबियाने विचारलं, आणि विचारल्या विचारल्या स्वतःच हमसून रडायला लागली. मुनव्वराच तिला समजावत बसली. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत मात्र पाणी येईना. 

नवरोजचे चार दिवस तिने घर झाडण्यात घालवले. आईची औषधं फेकली, पडदे धुतले, भिंतीला चुना लावला. पहिल्याच दिवशी बीबीसोरो मावशी वाडगाभर सुमनक घेऊन आली. गव्हाच्या अंकुरांचा तो गोड लापशीसारखा पदार्थ मुनव्वराने दोन चमचे खाल्ला आणि वाडगा बाजूला ठेवला.

"तू सांगायला हवं होतंस त्याला," मावशी म्हणाली.

"काय सांगायला हवं होतं?"

"ते मला विचारतेस? तीन वर्षं चहा मी ओततेय तुमचा."

मुनव्वराने घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजले होते. आत्ता ते नदीकाठी पोचले असतील.

एप्रिलच्या सुरुवातीला, दुपारचा वर्ग सुटल्यावर, दारात एक बाई येऊन उभी राहिली. उंच, सावळी, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला. हात कामाने खरबरीत झालेले.

"अपा, मी सनोबर," ती म्हणाली. "आत येऊ?"

मुनव्वराने तिला मुलांच्या बाकावर बसवलं. सनोबरने पिशवीतून वाळलेल्या जर्दाळूंची पुडी काढून पुढे ठेवली, आणि मग आपल्याच हातांकडे बघत बसली.

"आवडलं का खुजंद?" मुनव्वराने विचारलं.

"शहर छान आहे." सनोबर म्हणाली, "अपा, मी शिकलेली नाही. पण मला दिसतं."

"काय दिसलं?"

"पहिल्या दिवशी नदीवर बसलो. तास झाला, दोन तास झाले. मी म्हटलं, आता उठू या का? तर म्हणाले, नाही, आज उठायचं नाही, मुअल्लिमांनी लिहिलंय. मग एक शब्द बोलले नाहीत. बाजारात मला म्हणाले, मान वर कर, छत बघ. मी बघितलं. ते स्वतः छत नव्हते बघत. दाराकडे बघत होते, कुणी मागून येणार असल्यासारखे. नाटकातही तसंच. तीन दिवस मी त्यांच्याबरोबर हिंडले, पण मला सारखं वाटत होतं की मी कुणाच्या तरी जागेवर बसलेय आणि ती बाई आत्ता येऊन मला उठवेल."

 मुलांनी उघड्या टाकलेल्या रंगांच्या डब्यांची झाकणं मुनव्वरा एकेक करून लावत राहिली.

"दिलेरने माझ्या भावाला सांगितलं, बाप एकटा आहे," सनोबर म्हणाली. "एकटे नव्हते ना ते, अपा?"

"एकटेच होते."

"मला माहीत असतं तर मी हो म्हटलं नसतं, अल्लाची शपथ. आता परत जायलाही जागा नाही. दिराने माझी खोली त्याच्या मुलाला दिली, मी निघाले त्याच दिवशी."

तेव्हा मुनव्वरा उठली आणि तिच्या शेजारी त्या बुटक्या बाकावर जाऊन बसली. आजपर्यंत या बाईचा तिने मनातल्या मनात पुष्कळ राग केला होता. आता तो राग शोधूनही सापडेना, आणि त्याच्याविना तर आणखीच रिकामं वाटलं.

"परत कशाला जायचं?" ती म्हणाली. "ते चांगले आहेत. ऐक, त्यांना मीठ कमी लागतं, पण सांगणार नाहीत, नुसतं पाणी पीत राहतील. सकाळी फार बोलत नाहीत, तेव्हा बोलायला लावू नकोस. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून उजवीकडे बसत जा. आणि रबाब वाजवायला लागले की काम टाकून ऐकायला बस. पाच मिनिटं का होईना. बायको गेल्यापासून घरात कुणी ऐकत नाही त्यांचं."

सनोबर एकेक गोष्ट मान हलवून ऐकत होती. जाताना ती वाकली आणि मुनव्वराचा हात तिने डोळ्यांना लावला. थोरल्या बहिणीचा लावतात तसा.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत लुत्फुल्लो खिडकीजवळच्या टेबलाशी आला. महिनाभर मुनव्वरा जेवायला वर्गातच बसत होती; आज मुद्दाम इथे आली होती.

"ती आली होती म्हणे," तो म्हणाला.

"हो. चांगली आहे. तिला सांभाळा."

"मुअल्लिमा..."

"मला बोलू द्या, अका. एकदाच बोलते. मी तुमच्याबरोबर यायला निघाले होते. शहर बघायला नाही. तुम्ही तिथे विचाराल असं वाटलं होतं मला, आणि मी हो म्हणणार होते. मी ड्रेस शिवला होता." शेवटचं वाक्य तिला बोलायचं नव्हतं. ते आपोआप निघून गेलं.

त्याने दोन्ही हातांनी पेला धरला. चहा निवला होता.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "थोडं थोडं. मी दिलेरला तुमचं नाव सांगितलं होतं. तो म्हणाला, बाबा, राजधानीतली शिकलेली बाई, नवऱ्याला सोडलेली, आपल्या घरात नांदेल का? गावी काय सांगू? मी गप्प बसलो."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं काही बोलायला हवं होतं, पण मी गप्प बसलो."

"आणि मग कागद मागायला आलात."

"मला ते शहर बघायचं होतं, मुनव्वरा. तुम्ही काढलेलं." त्याने पेला खाली ठेवला. "तिथे गेलो तर तसं काहीच नव्हतं. नदी होती, पूल होते, सगळं होतं, पण तसं नव्हतं."

तो भेकड होता, हे तिला त्या दिवशी स्वच्छ कळलं. आणि ते कळूनही तिची माया कणभर कमी झाली नाही, याचंच तिला फार दुःख झालं. "जेवून घ्या," ती म्हणाली. "डबा तिने केलाय ना? टाकू नका." आणि ती उठून वर्गात गेली.

पुढच्या आठवड्यापासून तिने सकाळची पाळी मागून घेतली. लुत्फुल्लो दुपारी यायचा, ती दुपारी निघायची. फाटकात गाठ पडली की दोघं छातीवर हात ठेवून सलाम करायचे आणि घरच्यांची चौकशी करायचे. बीबीसोरो मावशीने सांगितलं की हल्ली तो जाड दिसायला लागलाय, आणि घरून गरम जेवण येतं.

ऑगस्टमध्ये रोबियाच्या मुलीचं लग्न निघालं. मुनव्वराने येत नाही म्हणून कळवलं. रोबिया म्हणाली, "ये, नाहीतर मी तिकडे येऊन तुझे केस धरून आणीन." शेवटी ती निघाली.

जीपमध्ये सहा प्रवासी होते. तिच्या शेजारी वाटेतल्या आयनीला उतरणारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर टरबूज घेऊन. वर्झोबचा काठ संपला, गाडी डोंगराला लागली. अंझोबच्या बोगद्यात शिरली तेव्हा ड्रायव्हरने काचा वर केल्या, सगळीकडे काळोख झाला, आणि मुनव्वराला रडू फुटलं. मार्चपासून जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. तिने रुमाल तोंडात कोंबला, तरी आवाज थांबेना. बोगदा चांगला पाच किलोमीटरचा आहे. बाहेर उजेडात आले तरी ती रडतच होती.

 म्हातारीने टरबूज पायाशी ठेवलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कोण गेलं, लेकी?"

"कोणी नाही, मावशी," मुनव्वरा कशीबशी म्हणाली. "सगळे आहेत."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. ड्रायव्हरला तेवढं म्हणाली, "पुढे झरा आहे ना, तिथे गाडी घे जरा बाजूला. घाई कुणाला आहे?"

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. पुरुष माणसं खाली उतरून लांब जाऊन उभी राहिली, पाठ करून. म्हातारीने झऱ्याच्या पाण्यात रुमाल भिजवून आणला, मुनव्वराचं तोंड पुसलं, आणि तिचं रडून होईपर्यंत गाडीच्या उघड्या दारापाशी उभी राहिली.